चिठ्ठीवर लिहिलं होतं : सावली

माणसाला डोळे मिटायला सांगायचं, त्याच्या अंगावरच्या चट्ट्याला कापसाचं टोक लावायचं आणि विचारायचं, "लागलं का?" एवढ्या कामाचा मला सरकारनं तेहतीस वर्षं पगार दिला. हुद्द्याचं नाव कुष्ठरोग तंत्रज्ञ. बीड जिल्ह्यात, त्यातही बहुतेक काळ गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या बाजूची गावं आधी सायकलवर आणि मग फटफटीवर फिरलो. गावात मला कोणी नावानं ओळखत नसे. "डागवाले आप्पा आले," असं म्हणत पोरं पुढं पळायची आणि मागोमाग दारं लागायची.

काम समजायला सोपं आहे. कुष्ठरोगाचा जंतू नसांना धरतो. चट्ट्यावरची जाणीव जाते, कापूस लावलेला कळत नाही, गरम-गार कळत नाही. कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागते. चट्टा आहे पण जाणीव शाबूत आणि नस साधी, तर बहुतेक वेळा तो गजकर्ण असतो, शिबं असतं, जुना भाजल्याचा डाग असतो. हे ओळखायला डॉक्टर लागत नाही, सवय लागते. ती मला लागली होती आणि तिचा मला अभिमान होता. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

आमचं घर लिंगायत, बीडला किराणा दुकान. वडील कपाळावर विभूती ओढून गल्ल्यावर बसत. नोकरी लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नोकरी कर. पण ड्युटीवरून आला की आधी आंघोळ, मग दुकानाची पायरी." औषधाच्या पहिल्या डोसांतच जो रोग पसरायचा थांबतो, त्यासाठी मी रोज संध्याकाळी आंघोळ करत होतो. आणि सकाळी गावोगावच्या भिंतींवर गेरूनं लिहीत होतो की कुष्ठरोग पूर्ण बरा होतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक पोलीस जमादार होते. गोळ्या घरी नकोत, दवाखान्यात नकोत. गेवराईच्या बसस्टँडवर वर्तमानपत्राच्या घडीत घालून द्यायच्या आणि घेताना ते मोठ्यानं विचारायचे, "काय आप्पा, पोरीच्या स्थळाचं कुठवर आलं?" बघणाऱ्याला वाटावं, पत्रिका देतोय. मला मुलगीच नव्हती. जमादार खडखडीत बरे झाले, आणि त्यानंतर त्यांनी मला कधी ओळख दाखवली नाही. त्याचा मला राग नाही. राग दुसऱ्या गोष्टीचा आहे.

नव्वदीची सुरुवात होती. गावात पहिल्या डिश अँटेना उभ्या राहत होत्या, बाजारात रोज नवी बाटली, नवी पुडी येत होती, आणि आमच्या खात्यात वरून आकडे मागणारे कागद येत होते. अमुक दिवसांत अमुक नवे रुग्ण शोधा. रोग किती आहे ते तपासायच्या आधीच तो किती सापडला पाहिजे हे ठरलेलं. तशाच एका मोहिमेत आमची जीप एका वस्तीवर गेली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथंच राहतात. बरीचशी घरं ऊसतोडीला जाणारी. दसरा झाला की घराला कुलूप, पाडवा झाला की परत.

तिथं गोदावरी नावाची आठ वर्षांची मुलगी माझ्यासमोर आणून बसवली. तोंडावर, मानेवर, हातांवर तिळासारखे काळे-तांबडे ठिपके, मधेमधे पांढरे. कातडी कोरडी, खरबरीत. डोळे उघडत नव्हते, पाणी गळत होतं. मी कापूस लावला. प्रत्येक वेळी तिनं बरोबर बोट ठेवलं. नसा साध्या होत्या. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना म्हणालो, "सर, ही आपली केस नाही. जाणीव शाबूत आहे."

ते जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या करत होते. "एवढे डाग आहेत आणि केस नाही म्हणता? लिहा. आपला तालुका यादीत सगळ्यात खाली आहे."

"एकदा चामडीच्या डॉक्टरांना दाखवू या, मग..."

"आप्पा, लिहा."

मी लिहिलं. गोदावरी, वय आठ, आणि पुढच्या रकान्यात 'सांसर्गिक'. तो शब्द माझ्या अक्षरात आहे. साहेबांनी फक्त खाली सही केली.

पुढं पाडव्यानंतर मी त्या वस्तीवर गोळ्यांचा हिशेब बघायला गेलो. शाळेचा वर्ग आत भरला होता आणि गोदा बाहेर, कडक उन्हात, डोक्यावर खताचं रिकामं पोतं घेऊन बसली होती. आमच्या गोळ्यांनी कातडी काळवंडते, औषध थांबलं की हळूहळू निवळते. तिचं तोंड आधीच ठिपक्यांनी भरलेलं, ते आता जांभळट काळं झालं होतं. गावाला पुरावाच मिळाला. मी हेडमास्तरांना विचारलं, ही बाहेर का. ते म्हणाले, "तुमीच तर लिहून गेलात की सांसर्गिक म्हणून. आता आमाला कावून विचारता?"



मी गोदाला घरी नेलं. तिची आई प्रयागबाई चुलीपुढं होती, बाप अंकुश बाजेवर. दोघंही तिशीच्या आतले. मी एका पेल्यात गरम आणि एका पेल्यात गार पाणी मागितलं आणि पुन्हा तपासलं. गोदानं एकदाही चूक केली नाही. उलट म्हणाली, "ह्ये गार हाय, पर लई गार न्हाई." जिला रोग आहे तिला हा फरक कळत नाही.

"बाई, हिला हे कधीपासून आहे?" हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

प्रयागबाई म्हणाली, "रांगायला लागली तवापासून. उन्हात ठिवली की भाजल्यावानी लाल व्हती, मंग ठिपकं पडत्यात. पाचटाच्या खोपीत ठिवली तर बरी ऱ्हाती. आप्पा, मी समद्यांना सांगितलं, ह्या लेकराला ऊन बाधतंय. तुमच्या सायबाला बी सांगितलं. ते म्हनले, ऊन समद्यांनाच बाधतंय."

निदान तिनं केलं होतं. शाळेत न गेलेल्या, कोयता हाणणाऱ्या बाईनं. आम्ही शिकलेली माणसं जीप घेऊन गेलो होतो आणि तिचं ऐकून न घेता परत आलो होतो.

गोळ्या मी त्याच दिवशी माझ्या जिम्म्यावर बंद केल्या. चार दिवसांनी रजा टाकून तिघांना औरंगाबादला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात चामडीच्या विभागात एक बाई होत्या, प्राध्यापक, पन्नाशीच्या. त्यांनी गोदाला खिडकीपासून दूर बसवलं, तेव्हाच मला कळलं की यांना माहीत आहे. त्यांनी प्रयागबाईला विचारलं, "नवरा नात्यातला आहे का?" ती म्हणाली, "मामाचा ल्योक."

मग बाईंनी समजावलं. माझ्याकडे बघून नाही, प्रयागबाईकडे बघून. म्हणाल्या, आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं. प्रत्येक पेशीत एक लांब दुपदरी धागा असतो, त्याला डीएनए म्हणतात. पेशीनं काय करायचं ते त्यावर अक्षरांसारखं मांडलेलं असतं. ऊन लागलं की त्यातली शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात. हे तुझ्या अंगात होतं, माझ्या होतं, रोज दुपारी होतं. आपल्या पेशीत ते दुरुस्त करणारे कामगार असतात. ते बिघडलेला तुकडा कापून काढतात आणि समोरच्या पदराकडे बघून नवा भरतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. हिच्या पेशींत त्या कामगारांतला एक जन्मापासूनच नाही. म्हणून उन्हानं केलेलं नुकसान तसंच राहतं, साठत जातं आणि एखाद्या दिवशी त्यातून गाठ होते. हा महारोग नाही. हा कोणाचा कोणाला लागत नाही. तुमच्या दोघांकडेही त्या कामगाराच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आहे, एक चांगली, म्हणून तुम्हाला काही झालं नाही. पोरीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. यात कोणाचं पाप नाही.

झिरोडर्मा असं काहीतरी नाव त्यांनी सांगितलं. अंकुशनं विचारलं, "औषध?"

बाईंनी चिठ्ठी लिहिली. ती मी मोठ्यानं वाचली. अंगभर कपडे, मोठी टोपी, काळा चष्मा, उन्हापासून वाचवणारं मलम, आणि त्याच्या वर मराठीत, मोठ्या अक्षरात : सावली.

 प्रयागबाई म्हणाली, "बाई, सावली कुठून आणू? उसाच्या फडात झाड नसतंय."

इथं मधेच आजची गोष्ट सांगतो. माझी पुतणी पुण्याला एका प्रयोगशाळेत जनुक संपादनाचं काम करते. डीएनएचा धागा पाहिजे त्या जागी कापायची एक कात्री आता निघाली आहे. मी तिला विचारलं, कापल्यावर जोडता कसं? ती हसली. म्हणाली, "आप्पाकाका, आम्ही जोडत नाही. जोडते पेशीच. दोन्ही पदर तुटले की पेशीला घाई होते, ती तुटकी टोकं धरून कशीतरी सांधते. त्यात एखादं अक्षर गळतं किंवा जास्तीचं शिरतं आणि ते जनुक बंद पडतं. कधी कधी आम्हाला तेवढंच हवं असतं. आणि नीट दुरुस्त करायचं असेल तर आम्ही शेजारी बरोबर मजकुराची एक प्रत सोडतो. नशीब असेल तर पेशी त्या प्रतीवरून भरून घेते. कापणं आमचं, सगळी शिवण तिची." मी गोदाबद्दल विचारलं. ती म्हणाली, तुटलेले दोन पदर सांधणारी टोळी वेगळी आणि उन्हाची चिकटलेली अक्षरं काढणारी वेगळी. गोदाच्या पेशींत पहिली होती, दुसरी अधू होती. पहिलीच्या मदतीनं दुसरीतली चूक सुधारता येते, काचेच्या बशीतल्या पेशींत लोकांनी ते करून पाहिलं आहे. माणसाच्या सगळ्या कातडीत पोचवायचं अजून जमलेलं नाही.

मी तिच्या कामाला हात जोडतो. पण माझा संताप त्यानं कमी होत नाही, वाढतो. गोदाला त्या वेळी पेशीतली कात्री नको होती. तिला टोपी, मलम, छप्पर आणि एक खरा कागद पाहिजे होता. हे चारही त्या काळात, या जिल्ह्यात होतं.

खऱ्या कागदाचं आधी सांगतो. औरंगाबादची चिठ्ठी घेऊन मी आमच्या कार्यालयात गेलो. म्हटलं, हे नाव चुकून लिहिलं गेलं, काढा. मोठे बाबू म्हणाले, "आकडा वर गेलाय. वर गेलेला आकडा खाली येत न्हाई."

"मग काय करायचं?"

"उपचार पूर्ण, रोगमुक्त, असं लिहून नाव कमी करू. तुमचं बी काम, आमचं बी काम."

"पण तिला झालाच नव्हता."

"तसा रकाना न्हाई, आप्पा."

खरंच नव्हता. नवीन, चालू, बरा झाला, निघून गेला, मेला. चुकलो, असा रकाना कोणी छापला नव्हता. गोदावरी नऊ वर्षांची होण्याआधी सरकारी दप्तरात कुष्ठरोगातून बरी झाली.

मलम सरकारी औषधांच्या यादीत नव्हतं. भांडारपालांनी मला समजावलं की ते सौंदर्यप्रसाधन आहे. बीडच्या बाजारात मात्र ते काचेच्या कपाटात मांडलेलं होतं, बाटलीवर समुद्रकाठची गोरी बाई. दुकानदार म्हणाला, "लग्नाचं हाय का घरी? याच्याबरोबर गोरं व्हायची क्रीम बी घ्या." बाजार खुला झाला होता, जगातल्या वस्तू बीडच्या कपाटात आल्या होत्या, आणि जिला त्या जगण्यासाठी पाहिजे होत्या तिच्यासाठी ती चैन होती. मी अधूनमधून एक बाटली नेत असे. अधूनमधून मलम लावून ऊन थांबत नाही.

कपड्यांचं माझ्या बायकोनं केलं. दुहेरी कापडाचा लांब बाह्यांचा झगा आणि खांद्यापर्यंत येणारी टोपी शिवून दिली. शाळेत एक नवीन शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, हेडमास्तरांना काही न विचारता गोदाला आतल्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसवलं आणि शेजारी स्वतःच्या मुलाला बसवलं. त्या दिवसानंतर कोणी काही बोललं नाही. एका बाईनं जे एका सकाळी केलं ते आमच्या खात्याला वर्षभरात जमलं नव्हतं.

राहिलं छप्पर. दसरा आला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. प्रयागबाई गोदासाठी मागं राहते म्हणाली, तर मुकादम अंकुशला म्हणाला, "अर्धा कोयता घिऊन मी काय करू बे?" मी वसतिगृहात विचारायला गेलो. त्यांनी तब्येतीचा सरकारी दाखला मागितला. दाखल्यावर लिहिलं होतं, कुष्ठरोग, बरा झाला. त्यांनी तो दाखला टेबलावरून बोटाच्या टोकानं माझ्याकडं परत सरकवला.

आणि आमच्या घरी, दुकानाच्या मागं, धान्याची कोठी होती. अंधारी, गार. पाच महिने गोदा तिथं राहिली असती. मी बायकोला विचारलं नाही. वडिलांना विचारलं नाही. ते नाही म्हणतील असं मी मनानंच ठरवलं आणि त्यांना नाही म्हणायची वेळसुद्धा येऊ दिली नाही. मला मुकादमाचा राग येतो, बाबूंचा येतो, साहेबांचा येतो. पण ही कोठी आठवली की तो राग कुणावर काढायचा ते कळत नाही.

ते गेले. प्रयागबाईनं पोरीला दिवसभर खोपीत काळ्या प्लास्टिकच्या आत ठेवलं. पण खोप ती खोप. पाणी आणायला, बैलांना उसाचं वाढं टाकायला लेकरू बाहेर निघतंच. पाडव्याला परत आले तेव्हा गोदाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्याएवढी गाठ होती, तिच्यातून रक्त येत होतं. औरंगाबादच्या बाईंनी ती काढवून घेतली. नाकाचा एक भाग गेला. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी सावली लिहून दिली होती." 

त्यानंतर प्रयागबाई फडावर गेली नाही. मुकादमाला तिनं तोंडावर सांगितलं, "अर्धा तर अर्धा. न्यायचा तर न्या, न्हाई तर राहू द्या." अंकुश कधी गेला, कधी गावातच राबला. गोदा दहावी झाली. मधल्या वर्षांत आणखी सहा-सात गाठी निघाल्या, एक डोळा गेला. सांच्याला ऊन उतरलं की ती घराबाहेर पडायची आणि नारायणगडाला जाणाऱ्या वाटेनं भराभरा चालत सुटायची. दिवसभराचं चालणं तासाभरात.

ती अठरा वर्षांची झाली तेव्हा एसटीडी बूथचा जोर होता. अपंगांना बूथ आधी मिळत. काळ्या काचेची केबिन, आत बसून काम, तिच्यासाठीच केल्यासारखं. आम्ही अर्ज केला. उत्तर आलं, हा आजार अपंगांच्या यादीत नाही. डोळ्यावर केला. उत्तर आलं, एकच डोळा गेलेला आहे, दुसरा चालतो.

मग मी ती यादी स्वतः वाचली. तिच्यात एक शब्द होता : कुष्ठमुक्त.

आमच्या दप्तरात पुरावा होता. नाकाच्या व्रणाला विद्रूपता म्हणायला डॉक्टर तयार झाले. सगळं जमत होतं. फक्त अर्जावर गोदाची सही पाहिजे होती. तिनं एका डोळ्यानं कागद जवळ धरून वाचला.

"आप्पा, मला झालाच न्हाई, तर मी मुक्त कशी झाले?"

मी म्हणालो, "गोदा, सही कर."

तिनं केली. खरं बोलून दोनदा नकार आला आणि खोट्याला महिन्याभरात मंजुरी आली. बूथ चांगला चालला. ऊसतोडीला गेलेल्यांचे फोन यायचे आणि गोदा हातात वही घेऊन निरोप लिहून ठेवायची, संध्याकाळी टोपी घालून घरोघर पोचवायची. ज्या घरांनी तिच्या हातचं पाणी नाकारलं होतं तीही दारात वाट बघायची. पुढं खिशाखिशांत मोबाईल आले आणि बूथ बंद पडला. तोवर तिची दुखणीही वाढली होती.

शेवटचा भेटलो तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. दिवस मावळला होता, आम्ही त्याच वाटेनं थोडं चाललो. तिला दम लागत होता. ती म्हणाली, "आप्पा, ज्यांना रोग झालता त्यांच्यात काय वाईट न्हाई. तुमच्याकडं येणारी लई जणं मी बघितली, चांगली माणसं होती. पर माझ्या नावावर जे न्हाई ते लिहिलंय. ते आईला माहीत हाय, तुमाला माहीत हाय. आजून चार लोकांना सांगा."

त्याच वर्षी वैशाखात ती गेली. मी निवृत्त झालो तेव्हा शाल-श्रीफळ दिलं आणि तालुक्यात सर्वांत जास्त रुग्ण शोधणारा कर्मचारी म्हणून माझं कौतुक झालं. मी उत्तरादाखल दोन शब्द बोलायचे होते. बोललो नाही, चहा झाला, घरी आलो.

आज बोलतो. गोदावरी अंकुश, या जिल्ह्याची मुलगी, हिला कुष्ठरोग कधीच झाला नव्हता. तो लिहिला गेला, आणि लिहिणारा मी होतो.